यंत्राचा सातबारा

१/
पुसेगाव हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले गाव. या जिल्ह्यात आज दोन टोकांची दोन यंत्रे आढळतात. एक, गावोगावच्या सेवा केंद्रांतले आणि रेशन दुकानांतले अंगठ्याचे मशीन, तळहातात मावेल एवढे. दुसरे, औंढा नागनाथजवळ उभारले जाणारे, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे, गुरुत्वीय लहरी टिपणारे ‘लायगो-इंडिया’. दोहोंचे प्राण मात्र एकाच नीरस वाटणाऱ्या कागदात आहेत. कोणते उपकरण कोणत्या संगणकावर, कोणत्या ड्रायव्हरसह चालते, याची ती नोंद. आजचा धागा त्या नोंदीच्या इतिहासाचा.

२/
सुसंगतता म्हणजे काय, हे हिंगोलीकरांना रेल्वेने फार पूर्वी शिकवले आहे. अकोला–पूर्णा हा मार्ग २००८ पर्यंत मीटरगेज होता. दोन रुळांतील अंतर १,००० मिलिमीटर. देशातील प्रमुख मार्ग मात्र ब्रॉडगेज, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचे. इंजिन धडधाकट, डबे मजबूत, तरीही रुंद रुळांवरची गाडी हिंगोलीच्या फलाटाला लागू शकत नसे. उतारूंनी गाडी बदलायची आणि मालाने डबा. दोष इंजिनात नव्हता, डब्यातही नव्हता. जिथे दोन गोष्टी एकमेकींना भेटतात, त्या सांध्यात तो होता.

३/
संगणक आणि उपकरण यांच्यातला सांधा म्हणजे ड्रायव्हर. नावावरून गाडी हाकणारा डोळ्यांपुढे येतो, पण त्याचे खरे काम दुभाष्याचे. संगणक म्हणतो, ‘ठसा घे.’ उपकरणाला ही भाषा कळत नाही. त्याला ठरावीक क्रमाने, ठरावीक वेळात, ठरावीक आकडे हवे असतात. ते आकडे ड्रायव्हर पुरवतो. शिवाय अंगठ्याच्या मशीनसारख्या एम्बेडेड उपकरणाच्या पोटात स्वतःचा छोटा प्रोसेसर आणि स्वतःचा प्रोग्रॅम असतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. म्हणजे संवाद दोन प्रोग्रॅममधला, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेळी बदलत राहणारे. दुभाष्याला दोन्ही बाजूंची आजची बोली ठाऊक असावी लागते.

४/
संगणकाच्या आरंभीच्या काळात हा प्रश्न फार उघडावाघडा होता. एका यंत्रासाठी लिहिलेले काम दुसऱ्यावर चालत नसे. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने ‘सिस्टिम/३६०’ ही मालिका जाहीर केली. लहान-मोठी अनेक यंत्रे, पण सर्वांची आज्ञावली एक आणि बाहेरची उपकरणे जोडण्याची पद्धतही एक. यंत्र बदलले तरी जुने प्रोग्रॅम आणि जुने प्रिंटर कामी येतील, हे अभिवचन त्या मालिकेचा गाभा होते. सुसंगतता ही तिथून पुढे विकत घेण्याची वस्तू झाली, आणि वस्तू झाली म्हणताच तिची लेखी हमी द्यावी लागली.

५/
पुढे घरगुती संगणक आले आणि ही शिस्त विस्कटली. शेकडो कारखान्यांची हजारो कार्डे बाजारात आली. प्रत्येकासोबत एक फ्लॉपी, आणि फ्लॉपीवर बहुधा एकाच प्रणालीचा ड्रायव्हर. १९९१ मध्ये लिनक्सचा जन्म झाला तेव्हा कारखानदारांना त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. मग वापरणाऱ्यांनीच उपकरणे जोडून पाहिली आणि जे आढळले ते लिहून ठेवले. त्यातून ‘हार्डवेअर कंपॅटिबिलिटी हाऊटू’ नावाचा दस्तऐवज घडला. कोणते कार्ड चालते, कोणते अर्धवट चालते, कोणते चालत नाही, अशा याद्या त्यात होत्या. कोणीतरी कोठेतरी आपले पैसे घालून विकत घेतलेल्या वस्तूवर केलेला तो प्रयोग असे. वाचणाऱ्याचे पैसे त्यामुळे वाचत.

६/
१९९६ मध्ये यूएसबीचे पहिले मानक आले. प्रत्येक उपकरणाने जोडणी होताच दोन क्रमांक सांगायचे, एक कारखान्याचा आणि एक वस्तूचा. संगणकाने ते पाहून योग्य ड्रायव्हर उचलायचा. प्रश्न सुटला असे वाटले. पण व्यवहारात वेगळेच घडू लागले. त्याच नावाने, त्याच खोक्यात, कधी त्याच क्रमांकाने विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या आतील चिप मात्र बदललेली असे. वायफायच्या छोट्या कांड्यांबाबत हे वारंवार झाले. पहिल्या खेपेची वस्तू चालते, तिसऱ्या खेपेची चालत नाही, आणि दोन्हींवर नाव एकच. ‘अमुक मॉडेल चालते’ ही नोंद अशा वेळी खरीही असते आणि खोटीही.

७/
मराठी मुलखाला हा पेच अपरिचित नाही. जमिनीचा सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. पहिल्यात हक्क कोणाचा, दुसऱ्यात पीक कोणते. पण नुसता सातबारा पाहून शहाणा माणूस व्यवहार करत नाही, तो फेरफारही पाहतो. जमीन कधी, कोणाकडून, कोणत्या कारणाने कोणाकडे गेली, याची गाव नमुना सहामधली ती नोंद. उपकरणाच्या सुसंगततेचेही असेच आहे. आज काय चालते हा झाला सातबारा. कोणत्या आवृत्तीपासून चालू लागले, कोणत्या बदलानंतर थांबले, हा झाला फेरफार. फेरफाराविना सातबारा जसा अपुरा, तशीच तारखेविना आणि आवृत्तीविना केलेली सुसंगततेची नोंद.

८/
आता एम्बेडेड जगाकडे वळू. यूएसबीचे उपकरण स्वतःचा क्रमांक तरी सांगते. पण फोन, राउटर किंवा पेट्रोल पंपावरचे मशीन यांच्या आतील बोर्डावर कायमचे जोडलेले कितीतरी भाग मुके असतात. ‘येथे तापमापक आहे, तो या तारेवर या पत्त्यावर बसवला आहे’ हे संगणकाला बाहेरून कोणीतरी सांगावे लागते. सन कंपनीच्या यंत्रांतून पुढे आलेल्या आणि १९९४ मध्ये आयईईईने मानक म्हणून स्वीकारलेल्या ‘ओपन फर्मवेअर’ने यासाठी एक युक्ती दिली. यंत्राचे सारे भाग एका वृक्षाच्या रूपात लिहून ठेवायचे. तोच ‘डिव्हाइस ट्री’.

९/
फोनमध्ये असतात त्या एआरएम जातीच्या प्रोसेसरांसाठी लिनक्समध्ये बराच काळ अशी व्यवस्था नव्हती. प्रत्येक बोर्डाचे वर्णन थेट प्रोग्रॅमच्या पोटात लिहिले जाई. बोर्ड वाढत गेले तशा या फायली वाढत गेल्या. २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर आणि कडक नापसंती व्यक्त केली. त्यानंतर एआरएमचा सारा संसार हळूहळू डिव्हाइस ट्रीकडे वळला. प्रोग्रॅम एकीकडे, यंत्राचे वर्णन दुसरीकडे. जे पूर्वी जाणत्याच्या डोक्यात किंवा कोडच्या अडगळीत होते, ते वेगळे काढून वाचता येईल असे लिहावे लागले.

१०/
या वृक्षात प्रत्येक भागापुढे एक ओळ असते. तिचे नावच ‘कंपॅटिबल’. तिच्यात आधी नेमके नाव, मग त्याहून व्यापक नाव, असा क्रम असतो. टपालाचा पत्ता जसा घर, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा असा लिहितात, तसाच. नेमक्या नावाचा ड्रायव्हर सापडला तर उत्तम, नाही तर त्या कुळाचा सर्वसाधारण ड्रायव्हर पुढे येतो. इथला एक नियम विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. ‘या मालिकेतले सगळे’ अशा अर्थाचे मोघम नाव चालत नाही, कारण मालिकेत उद्या कोण जन्माला येईल हे आज कोणालाच ठाऊक नसते. जे प्रत्यक्ष आहे त्याचेच नाव लिहायचे.

११/
दुसरा नियम याहून कठोर आहे. एकदा प्रसिद्ध झालेले वर्णन हा शब्द दिल्यासारखा मानला जातो. पुढे लिनक्सची नवी आवृत्ती आली तरी जुन्या वर्णनावर ती चालली पाहिजे. म्हणून या नोंदी तपासूनच स्वीकारल्या जातात. २०१९ च्या सुमारास त्यांना ठरावीक साच्याचे रूप येऊ लागले, म्हणजे नोंदीतली चूक संगणकालाच पकडता यावी. नोंद ही कामानंतर उरलेल्या वेळात लिहायची गोष्ट राहिली नाही. आधी नोंद मंजूर होईल, मग ड्रायव्हर, अशी रीत पडली.

१२/
हा इतिहास महाराष्ट्राच्या खेड्यात कसा पोहोचला? २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. काही वर्षांत अंगठ्याचा ठसा ही धान्याची, अनुदानाची, निवृत्तिवेतनाची किल्ली झाली. ठसा घेणारी उपकरणे अनेक कारखान्यांची होती, आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर निराळा. सेवा पुरवणाऱ्या प्रत्येक प्रणालीला प्रत्येक उपकरणाशी वेगळी सोयरीक जुळवावी लागे. मीटरगेज आणि ब्रॉडगेज या दोनांच्या जागी इथे दहा गेज होते.

१३/
२०१७ मध्ये आधार प्राधिकरणाने ‘नोंदणीकृत उपकरणां’ची पद्धत लागू केली. प्रत्येक उपकरणाला स्वतःची ओळख आणि ठशावर आतूनच सही करण्याची व्यवस्था. संगणकावर ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. सेवा घेणारी प्रणाली त्याच संगणकाच्या ११,१०० ते ११,१२० या क्रमांकांची दारे एकामागून एक ठोठावते आणि ‘आत कोणी आहे का?’ असे विचारते. ज्या दारामागे उपकरणाची सर्व्हिस बसलेली असते, तिथून उत्तर येते. अशा रीतीने वरच्या मजल्यावरची भाषा सर्वांसाठी एक झाली. पुढे एल-शून्य दर्जाच्या, म्हणजे संगणकातील सॉफ्टवेअरमध्ये सही करणाऱ्या उपकरणांच्या जागी एल-एक दर्जाची, म्हणजे सुरक्षित हार्डवेअरच्या आत सही करणारी उपकरणे मागितली जाऊ लागली.

१४/
पण तळमजला तसाच राहिला. आरडी सर्व्हिसच्या खाली अजूनही ड्रायव्हर आहेच. ३२ बिटांच्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही. ६४ बिटांच्या विंडोजला सही नसलेला ड्रायव्हर मंजूर नाही. अँड्रॉइडवर ओटीजी केबल लागते, आणि ती केबल चांगली असूनही फोनच तिला ओळखत नाही असे होऊ शकते. यूएसबी २.० चे एक दार फार तर ५०० मिलिअँपिअर वीज देते. त्याच दाराला हब लावून चार उपकरणे जोडली की अंगठ्याच्या मशीनचा दिवा लागतो, पण ठसा काही येत नाही. यातले काहीही खोक्यावरच्या ‘विंडोज व अँड्रॉइडवर चालते’ या ओळीत दिसत नाही.

१५/
समजा, पुसेगावसारख्या गावात सेवा केंद्राचा संगणक रात्रीतून स्वतःला अद्ययावत करून बसला. सकाळी रांगेत निराधार अनुदानाच्या आजीबाई उभ्या आहेत. कापूस वेचून, भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. अंगठा ठेवला, नकार आला. केंद्रचालक सांगतो, ‘आजी, तुमचा अंगठा येत नाही. तेल लावून या, नाही तर उद्या या.’ आजी हात पुसत परत फिरतात. दोष त्यांच्या बोटाचा ठरला. प्रत्यक्षात तो होता का?

१६/
याचे उत्तर पडद्यावरच्या क्रमांकात असते. ३०० हा क्रमांक आधारच्या सर्व्हरकडून आला, तर त्याचा अर्थ ठसा पोहोचला पण नोंदीतल्या ठशाशी जुळला नाही. ७२० हा क्रमांक आरडी सर्व्हिसकडून आला, तर उपकरण तयारच नाही, म्हणजे ठसा घेतलाच गेला नाही. पहिल्या नकाराचा संबंध माणसाशी आहे, दुसऱ्याचा सर्वस्वी यंत्राशी. पहिल्यासाठी दुसरे बोट, बुबुळ किंवा आधारचे नूतनीकरण हा मार्ग. दुसऱ्यासाठी ड्रायव्हर, केबल, दार. दोहोंना ‘अंगठा येत नाही’ या एकाच वाक्यात कोंबले की यंत्राच्या चुकीचा भार माणसाच्या देहावर टाकला जातो. सुसंगततेची नोंद नसण्याची खरी किंमत ही आहे. पैशांची गणती त्यानंतरची.

१७/
मग चांगली नोंद कशी असते? ती ‘चालते’ या शब्दावर थांबत नाही. उपकरणाचे पूर्ण नाव, पाठीवरच्या चिकटचिठ्ठीवरील आवृत्ती, यूएसबीचे दोन्ही क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, ड्रायव्हरची आवृत्ती, आरडी सर्व्हिसची आवृत्ती, संगणकाची प्रणाली आणि तिचा नेमका बिल्ड, केबल कोणती, हब होता की नाही, तपासणीची तारीख. मग निकाल, तोही टप्प्याटप्प्याने. उपकरण ओळखले गेले काय, सर्व्हिसने उत्तर दिले काय, ठसा घेतला काय, सर्व्हरने स्वीकारला काय. चार प्रश्न, चार उत्तरे. कुठे अडले ते त्यातून दिसते.

१८/
यातली सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी लिहिली जाणारी नोंद म्हणजे अपयशाची. ‘अमुक आवृत्तीवर चालले नाही’ हे लिहायला कोणालाच आवडत नाही. कारखान्याला विक्रीची चिंता, तंत्रज्ञाला अब्रूची. पण न चालण्याची एक प्रामाणिक ओळ पुढच्या दहा जणांचे दहा दिवस वाचवते. तिच्यासोबत तारीख मात्र हवी. कारण आज न चालणारे उद्याच्या ड्रायव्हरवर चालेल, आणि तारीख नसलेली जुनी ओळ चांगल्या उपकरणाला उगाच बाद ठरवील.

१९/
आता दुसरे टोक. ‘अॅडव्हान्स्ड लायगो’ या अमेरिकी प्रकल्पासाठी तीन यंत्रांचे भाग घडवले गेले होते. एक लुइझियानातील लिव्हिंग्स्टनसाठी, दोन वॉशिंग्टन राज्यातील हॅनफर्डसाठी. हॅनफर्डचे दुसरे यंत्र तिथे न उभारता भारतात न्यावे असे ठरले आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने त्याला संमती दिली. त्याचे भाग खोक्यांत बंद होऊन साठवणीत गेले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी उरलेल्या दोन यंत्रांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली, एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी, आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याचे आयुका, इंदूरचे आरआरकॅट, गांधीनगरचे प्लाझ्मा संशोधन संस्थान आणि अणुऊर्जा विभागाचे बांधकाम संचालनालय हे यातले भारतीय भागीदार.

२०/
लायगोचे आरसे प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल टिपण्यासाठी स्थिर धरावे लागतात. हे धरून ठेवण्याचे काम संगणक करतात. संवेदकांचे विद्युत्संकेत सेकंदाला ६५,५३६ वेळा अंकांत बदलले जातात. सर्वांत वेगवान नियंत्रणाला एका फेरीत वाचणे, गणित करणे आणि आज्ञा परत पाठवणे यासाठी मिळतात जेमतेम १५ मायक्रोसेकंद. हे सारे खास बदल केलेल्या लिनक्सवर चालते, आणि प्रत्येक तातडीच्या कामासाठी प्रोसेसरचा एक गाभा वेगळा राखून ठेवलेला असतो. अशा ठिकाणी ‘कार्ड ओळखले गेले’ एवढे पुरत नाही. मदरबोर्डने स्वतःच्या कामासाठी मध्येच क्षणभर प्रोसेसर ताब्यात घेतला, तरी फेरी चुकते. म्हणून तिथे सुसंगततेच्या नोंदीत वेळही मोजावा लागतो.

२१/
आरसा खोक्यात दहा वर्षे राहिला तरी आरसाच राहतो. संगणकाचे तसे नाही. दहा वर्षांत मदरबोर्डवरच्या खाचा बदलतात, जुन्या चिपांचे उत्पादन थांबते, लिनक्स कितीतरी आवृत्त्या पुढे जाते. म्हणून साठवणीतल्या यंत्राबरोबर जे टिकायला हवे ते म्हणजे कागद. लायगोने त्यासाठी दस्तऐवजांचे केंद्र ठेवले आहे. तांत्रिक टिपण, आराखडा, अभियांत्रिकी नोंद अशा प्रकारांनुसार अक्षर, मग वर्ष आणि क्रमांक. दुरुस्ती झाली की आवृत्तीचा आकडा वाढतो आणि जुनी आवृत्तीही जागेवर राहते. म्हणजे फेरफार जपला जातो. नियंत्रण प्रणालीचे वर्णन करणारा शोधनिबंधही २०२१ मध्ये सर्वांसाठी प्रसिद्ध झाला आहे.

२२/
लायगो-इंडिया २०३० पर्यंत पूर्ण करण्याचे उद्दिष्ट आहे. औंढ्याच्या माळावर जेव्हा पहिले कार्ड पहिल्या खाचेत बसेल, तेव्हा ते कार्ड मुळात निवडणारा, त्याची पहिली परीक्षा घेणारा माणूस बहुधा तिथे नसेल. सेवा केंद्रात अंगठ्याचे मशीन उघडणाऱ्या मुलासमोरही ते बनवणारा अभियंता नसतो. यंत्र दूर जाते, त्याला ओळखणारा माणूस मागे राहतो. दोहोंमधल्या त्या रिकाम्या जागेत जे काम करते, ते म्हणजे कोणीतरी वेळीच, नेमके आणि प्रामाणिकपणे लिहिलेले चार रकाने.

२३/
त्या रकान्यांसाठी २,६०० कोटी लागत नाहीत. एका केंद्रात एक वही पुरते. उपकरण, आवृत्ती, तारीख, काय घडले. आठवड्याभरात शेजारच्या गावातला चालक तीच वही मागायला येईल, आणि रांगेतल्या आजींना ‘तुमचा अंगठा येत नाही’ म्हणण्याआधी निदान एकदा तरी ती उघडली जाईल.

(धागा समाप्त)